ऑडिट लॉग चालू केल्यावर बॅकअप का पडतो: पोस्टग्रेस सर्व्हरची पूर्ण मांडणी

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाणा अडत पेढीचा पोस्टग्रेस 16 या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सर्व्हर आहे, रॉकी लिनक्सवर. डेटाबेस साधारण 38 जीबी, एकच 500 जीबीची एसएसडी, आणि वॉल फाइलींचं (डेटातला प्रत्येक बदल आधी ज्यांत लिहिला जातो त्या फाइली) अर्काइव्ह, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रती, त्याही त्याच डिस्कवर. ऑडिटरनी ‘पट्टीत कोणी, कधी, काय बदललं ते दिसलं पाहिजे’ म्हटल्यावर लॉग_स्टेटमेंट (कोणत्या आज्ञा लॉगमध्ये लिहायच्या ते ठरवणारं सेटिंग) ‘ऑल’ केलं, पीजीऑडिट हे ऑडिटचं जोड-सॉफ्टवेअर बसवून तेही ‘ऑल’ केलं, आणि काही पुसलं जाऊ नये म्हणून लॉगच्या फाइलनावात तारीख घातली. हळदीचा सीझन सुरू झाल्यावर रात्रीचा बेस बॅकअप (डेटाबेसच्या सगळ्या फाइलींची नक्कल) दुप्पट-तिप्पट मोठा व्हायला लागला, वेळ वाढला, आणि आता ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून तो अर्ध्यात बंद पडतो. ऑडिट ठेवायचंच आहे, पण बॅकअप सुरळीत कसा करायचा?

(आज्ञा आणि सेटिंगची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायची.)

ऑडिट आणि बॅकअप यांचं मुळात काही वैर नाही. तुमच्याकडे दोघं एकाच डिस्कवर, एकाच फोल्डरच्या आत आहेत, म्हणून ते एकमेकांना खातात. रॉकीवर लॉग कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या लॉग_डिरेक्टरीची मूळ किंमत नुसती ‘लॉग’ असते, म्हणजे ते फोल्डर डेटाबेसच्या स्वतःच्या फोल्डरच्या, डेटा डिरेक्टरीच्या, पोटात तयार होतं. बेस बॅकअप घेणारा पीजी_बेसबॅकअप डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलतो. काही तात्पुरती फोल्डर तो आपणहून वगळतो, पण ‘लॉग’ फोल्डर त्यांत नाही. त्यामुळे कालचा, परवाचा, गेल्या महिन्याचा सगळा लॉग रोज रात्री नव्याने बॅकअपमध्ये जातो. सात दिवसांचे बॅकअप ठेवत असाल, तर तोच जुना लॉग सात ठिकाणी पडून आहे.

याहून घातक साखळी पुढे आहे. डिस्क भरली की वॉल फाइल अर्काइव्हमध्ये नेणारी अर्काइव्ह_कमांड अपयशी ठरते. वॉल फाइल अर्काइव्ह झाल्याशिवाय पोस्टग्रेस ती काढत नाही, म्हणून पीजी_वॉल फोल्डर फुगत जातं. शेवटी नवी वॉल फाइल लिहायला जागा उरत नाही आणि सर्व्हर ‘पॅनिक’ होऊन बंद पडतो. सौदे चालू असताना हे झालं तर तोलाई आणि पट्ट्या दोन्ही थांबतात.

म्हणून आज, आत्ता, आधी जागा मोकळी करा. पीजी_वॉलमधली एकही फाइल हाताने पुसू नका, कितीही जुनी दिसली तरी. ते केलं तर डेटाबेसच हातचा जाऊ शकतो. हलवायच्या त्या जुन्या लॉग फाइली. सिलेक्ट पीजी_करंट_लॉगफाइल() चालवा. जी फाइल दिसेल तिच्यावर सध्या लिहिणं चालू आहे, ती सोडून बाकीच्या बंद फाइली एखाद्या बाहेरच्या डिस्कवर हलवा. चालू फाइल पुसली तरी जागा लगेच सुटत नाही, कारण लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसने ती उघडी धरलेली असते. ती खूपच मोठी झाली असेल तर आधी पीजी_रोटेट_लॉगफाइल() चालवून नवी फाइल सुरू करा, मग जुनी हलवा. त्यानंतर पीजी_स्टॅट_अर्काइव्हर हे व्ह्यू बघा. लास्ट_फेल्ड_टाइमपेक्षा लास्ट_अर्काइव्ह्ड_टाइम अलीकडची दिसली की अर्काइव्ह पुन्हा चालू झालं. लगेच एक पूर्ण बेस बॅकअप घ्या.

लॉगला वेगळी जागा

कायमचा इलाज म्हणजे लॉग डिस्कच्या वेगळ्या पार्टिशनवर (स्वतंत्र भागावर) आणि वॉल अर्काइव्ह तिसऱ्या ठिकाणी, शक्य असेल तर दुसऱ्याच मशीनवर. इथे रॉकीची एक अडचण येते. त्याची नेहमीची फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस असते आणि एक्सएफएस वाढवता येते, लहान करता येत नाही. म्हणजे 500 जीबीचं एकच पार्टिशन कापून त्यातून लॉगसाठी तुकडा काढणं जमणार नाही. सरळ दुसरी एसएसडी बसवा. ती येईपर्यंत एक्सएफएसचा प्रोजेक्ट कोटा लावून लॉगच्या फोल्डरला मर्यादा घालता येते. निदान लॉगमुळे वॉलची जागा तरी जाणार नाही.

नवी डिस्क समजा /ऑडिट या ठिकाणी माउंट केली, म्हणजे जोडली. लॉग थेट तिथे ठेवू नका. तिच्या आत /ऑडिट/पीजीलॉग असं फोल्डर करा, मालक पोस्टग्रेस युजर, परवानगी 0700 (फक्त मालकालाच प्रवेश). कारण असं: लाइट जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि ती डिस्क माउंटच झाली नाही, तर /ऑडिट हे मूळ डिस्कवरचं रिकामं फोल्डर असतं. ते रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य युजरच्या) मालकीचं असलं की पोस्टग्रेसला आत फोल्डर करता येत नाही आणि तो सुरूच होत नाही. हे ऐकायला वाईट वाटतं, पण गुपचूप मूळ डिस्कवर लॉग लिहीत बसण्यापेक्षा सकाळी सात वाजता ही अडचण समोर येणं केव्हाही चांगलं. सोबत सिस्टमडीच्या (सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर ही ओळ टाका, म्हणजे माउंट झाल्यावरच पोस्टग्रेस सुरू होईल.

रॉकीवर एसईलिनक्स (परवानग्यांवरचा जादा पहारा) चालू असतं आणि ते चालूच ठेवा. नव्या फोल्डरला पोस्टग्रेसक्यूएल_लॉग_टी हा प्रकार सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट या आज्ञेने लावून रिस्टोरकॉन ही आज्ञा चालवायची. हे राहिलं तर परवानग्या सगळ्या बरोबर दिसतात, तरी लिहिता येत नाही आणि माणूस तासभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतो. लॉग_डिरेक्टरी बदलायला रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो.

आता फाइलींची नावं. रॉकीवर पोस्टग्रेसच्या अधिकृत पॅकेजमध्ये नाव वाराप्रमाणे असतं आणि आठवड्यानंतर त्याच वाराची फाइल नव्याने लिहिली जाते. म्हणजे सोमवारचा लॉग पुढच्या सोमवारी पुसला जातो. तुम्ही नाव बदललं ते योग्यच केलं. ज्यांनी बदललेलं नाही त्यांच्याकडे सात दिवसांपलीकडचा पुरावाच नाही, हे त्यांनी आजच तपासावं. पण नावात फक्त तारीख घालून लॉग_रोटेशन_साइज (किती मोठी झाली की नवी फाइल सुरू करायची) 100 एमबी ठेवली, तर त्या मर्यादेचा उपयोग होत नाही. शंभर एमबीनंतर नवं नाव काढलं तरी तेच येतं आणि त्याच फाइलला पुढे जोडलं जातं. नावात तास, मिनिट, सेकंदही घ्या. रोटेशन एज एक दिवस, साइज 100 एमबी, ट्रंकेट_ऑन_रोटेशन ऑफ. जुन्या फाइली पोस्टग्रेस स्वतः कधीच काढत नाही, ते काम तुमच्या स्क्रिप्टचं.

उबंटू किंवा डेबियनवर असाल तर गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे लॉग डेटा डिरेक्टरीच्या बाहेर, व्हार लॉगमध्ये असतो, त्यामुळे बेस बॅकअप फुगत नाही. पण जुन्या लॉग फाइली बाजूला काढणारा लॉगरोटेट हा प्रोग्राम तिथे ‘कॉपीट्रंकेट’ पद्धतीने काम करतो. नक्कल काढणं आणि मूळ फाइल रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवू शकतात. ऑडिटसाठी तिथेही लॉगिंग_कलेक्टर (पोस्टग्रेसची स्वतःची लॉग लिहिणारी प्रोसेस) चालू करून घ्या. त्याला मात्र रीस्टार्ट लागतो.

काय लिहायचं आणि काय नाही

जागा वेगळी केली तरी ‘ऑल’ ठेवून चालणार नाही. लॉग_स्टेटमेंट ‘ऑल’ आणि पीजीऑडिट ‘ऑल’ एकत्र असले की प्रत्येक आज्ञा दोनदा लिहिली जाते. त्यात सॉफ्टवेअर दर काही सेकंदांनी भावफलक ताजा करायला जे सिलेक्ट (डेटा वाचायची आज्ञा) मारतं तेही येतं. पीजी_डंप (डेटा टेबलवार काढून ठेवणारं बॅकअपचं दुसरं साधन) सुरुवातीला कॅटलॉग टेबलांवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या अंतर्गत नोंदींवर, लांबलचक क्वेऱ्या चालवतो, त्याही येतात. पॅरामीटरही (आज्ञेत भरलेल्या किमती) लिहायला सांगितले असतील आणि शेतकऱ्याच्या आधार कार्डाचा किंवा सहीचा स्कॅन डेटाबेसमध्येच साठवत असाल, तर प्रत्येक स्कॅनचा मजकूर लॉगमध्ये ओतला जातो. बहुतेक ठिकाणी लॉग फुगण्याचं खरं कारण तेच निघतं. पीजीऑडिट.लॉग_पॅरामीटर ऑन असेल, तर स्कॅनचं टेबल वगळूनच.

लॉग कशासाठी आहे ते ठरवलं की यादी आपोआप लहान होते. अडत पेढीत वाद होतो तो वजनावरून, दरावरून, कपातीवरून आणि पैसे कोणत्या खात्यात गेले यावरून. म्हणजे तोलाई, पट्टी, हमाली-तोलाई कपात, खातेवही आणि शेतकऱ्यांचे बँक तपशील, एवढी टेबलं. भावफलक कोणी कितीदा पाहिला याने कोणाचं काही अडत नाही.

माझी शिफारस अशी. लॉग_स्टेटमेंट ‘नन’. पीजीऑडिट.लॉग = ‘डीडीएल, रोल’, म्हणजे टेबलांची रचना आणि युजर-परवानग्या यांतले बदल. पीजीऑडिट.लॉग_कॅटलॉग ऑफ. निवडक टेबलांसाठी ऑब्जेक्ट ऑडिट (टेबलवार नोंद) वापरायचं: लॉगिन नसलेला ‘ऑडिटर’ नावाचा एक रोल (परवानग्या धरणारं खातं) करा, पीजीऑडिट.रोल = ‘ऑडिटर’ ठेवा, आणि पट्टी, तोलाई, कपात, खातेवही या टेबलांवर त्या रोलला इन्सर्ट, अपडेट, डिलीटची (भरणं, बदलणं, काढणं) परवानगी द्या. बँक तपशिलाच्या टेबलावर सिलेक्टचीही द्या, कारण तिथे नुसतं बघणंही महत्त्वाचं आहे. ज्या टेबलावर त्या रोलला जी परवानगी, त्याच प्रकारची आज्ञा लॉगमध्ये येते. बाकी सगळं शांत.

ऑब्जेक्ट ऑडिटमध्ये एक भोक आहे, ते बुजवलंच पाहिजे. टेबल एका फटक्यात रिकामं करणारी ट्रंकेट ही आज्ञा त्यात येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर ज्या युजरने जोडलं जातं त्याच्याकडे या टेबलांवर ट्रंकेटची परवानगी नको आणि टेबलांची मालकी तर अजिबात नको. मालकी वेगळ्या रोलकडे ठेवा.

लॉगच्या प्रत्येक ओळीआधी काय यावं ते सांगणाऱ्या लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये वेळ, प्रोसेस क्रमांक, युजर, डेटाबेस, कुठल्या मशीनवरून आला आणि ॲप्लिकेशन_नेम एवढं हवं. पेढीतले सगळे कारकून सॉफ्टवेअरमधून एकाच डेटाबेस युजरने जोडले जात असतील, तर लॉगमध्ये सगळ्यांचं नाव एकच दिसेल आणि ऑडिटरना हवं ते उत्तर मिळणारच नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा की लॉगिन झाल्याबरोबर त्या कारकुनाचा कोड ॲप्लिकेशन_नेममध्ये टाकायचा. छोटा बदल आहे, पण त्याच्याशिवाय बाकी सगळी मेहनत फुकट जाईल.

पासवर्डची काळजी वेगळी घ्यावी लागते. लॉग_स्टेटमेंट ‘डीडीएल’ किंवा ‘ऑल’ असताना ऑल्टर रोल या आज्ञेत पासवर्ड लिहिला की तो उघडा लॉगमध्ये उतरतो आणि तिथून बॅकअपमध्ये जातो. पासवर्ड बदलायचा तर पीएसक्यूएलमधल्या (पोस्टग्रेसला आज्ञा द्यायचं साधन) बॅकस्लॅश-पासवर्ड या आज्ञेने. ती पासवर्ड आधी हॅश करून, म्हणजे न वाचता येणाऱ्या रूपात बदलूनच, सर्व्हरकडे पाठवते. तुमच्या आजवरच्या लॉगमध्ये जे पासवर्ड उघडे पडले असतील ते आता बदलून टाका.

बॅकअपच्या युजरला ऑडिटमधून वगळू नका

हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो: बॅकअपच्या युजरचं पीजीऑडिट.लॉग ‘नन’ करा, म्हणजे गोंगाट थांबेल. माझा याला ठाम विरोध आहे. बॅकअपचा युजर सगळी टेबलं वाचू शकतो. त्याचा पासवर्ड एखाद्या स्क्रिप्टमध्ये उघडा पडलेला असतो. कोणाला पेढीचा सगळा डेटा उचलायचा असेल तर तो याच दाराने येणार. आणि वर सांगितल्याप्रमाणे यादी छाटली की गोंगाट उरतच नाही: पीजी_डंप प्रत्येक टेबलासाठी एक कॉपी आज्ञा चालवतो, म्हणजे सिलेक्टचं ऑडिट असलेल्या टेबलामागे फार तर एक ओळ.

उलट त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. त्या युजरला पीजी_रीड_ऑल_डेटा हा तयार रोल द्या (पोस्टग्रेस 14 पासून आहे), सुपरयुजर करू नका. कोण कुठून जोडला जाऊ शकतो ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये त्याला फक्त बॅकअप घेणाऱ्या मशीनवरून येऊ द्या. त्याच्यापुरतं पीजीऑडिट.लॉग ‘राइट, डीडीएल, रोल’ करा. बॅकअप कधीच काही लिहीत नाही, म्हणून त्याच्या नावावर ‘राइट’ची एक जरी ओळ आली तरी ती धोक्याची घंटा. लॉग_कनेक्शन्स ऑन ठेवा. लॉग_रेप्लिकेशन_कमांड्सही ऑन करा, म्हणजे बेस बॅकअप कधी आणि कुठून घेतला गेला याचीही नोंद राहील. रात्री 11 चा बॅकअप दुपारी 3 ला दिसला तर विचारता येईल.

ऑडिटची टेबलं डेटाबेसमध्येच असतील तर

बऱ्याच अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगरने (बदल झाला की आपोआप चालणाऱ्या आज्ञेने) भरलं जाणारं बदलांचं टेबल असतं: जुनी किंमत, नवी किंमत, कोणी, कधी. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांना 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी अशी एडिट लॉगची सोय ठेवणं बंधनकारक आहे, आणि हिशोबाची पुस्तकं 8 वर्षं जपायची असतात. तुमची पेढी भागीदारी असेल तर हा नियम थेट लागू होत नाही, पण टेबल असेलच तर ते बॅकअपवर परिणाम करणारच.

सर्वांत वाईट प्रकार वेळापत्रकातून होतो. पीजी_डंप चालू असतो तोपर्यंत प्रत्येक टेबलावर त्याचा हलका लॉक (ताबा) असतो. त्याच वेळी जुन्या नोंदी साफ करायला कोणी ऑडिटच्या टेबलाचं जुनं पार्टिशन (इथे डिस्कचा नव्हे, टेबलाचा तुकडा) ड्रॉप केलं, म्हणजे काढून टाकलं, तर त्या आज्ञेला मुख्य टेबलावरही जड लॉक लागतो. ती डंप संपेपर्यंत थांबते, आणि तिच्यामागे त्या टेबलात लिहू पाहणारी प्रत्येक नवी नोंद रांगेत उभी राहते. पट्टी सेव्ह होत नाही, सॉफ्टवेअर लटकतं, दोष बॅकअपवर येतो. साफसफाई बॅकअपच्या वेळेत ठेवूच नका. त्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट 5 सेकंद लावा. पार्टिशन ड्रॉप करण्याआधी डिटॅच पार्टिशन कन्करंटली करून सोडवून घ्या.

ऑडिटचं टेबल महिनावार पार्टिशन करा. बंद झालेल्या महिन्यांची पार्टिशनं बदलत नाहीत, मग रोज डंप कशाला? प्रत्येक बंद महिन्याचा एकदाच वेगळा डंप काढा, तो दुसरीकडे उघडून तपासा, आणि मगच रोजच्या डंपमध्ये --एक्सक्लूड-टेबल-डेटा देऊन ती पार्टिशनं वगळा. हा क्रम उलटा झाला तर एखाद्या महिन्याचा इतिहास कुठेच उरत नाही.

लॉगचाही बॅकअप, पण वेगळ्या वाटेने

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस भारतातच सुरक्षित ठेवायला आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. बंधन कोणावर, हे तुमच्या सल्लागाराकडून नक्की करून घ्या. माप म्हणून मात्र 180 दिवस चांगले आहेत. सीझनमधल्या एका भर दिवसाचा लॉग मोजा आणि 180 ने गुणा. समजा दिवसाला 400 एमबी, तर 72 जीबी. लॉग हा निव्वळ मजकूर, तो झेडस्टँडर्ड या फाइल दाबणाऱ्या (आकार लहान करणाऱ्या) साधनाने खूप दबतो. एक फाइल दाबून स्वतःचं प्रमाण काढा आणि डिस्क त्याच्या दुप्पट घ्या.

वेळापत्रक: रात्री 11 ला बेस बॅकअप, दीड वाजता पीजी_डंप, पहाटे 4 ला लॉगची पाठवणी. पाठवायच्या त्या फक्त बंद झालेल्या फाइली. प्रत्येक फाइल दाबायची, तिचा शा-256 (फाइल बदलली तर बदलणारा ठसा) काढायचा, कूटबद्ध करून दुसऱ्या मशीनवर पाठवायची, तिथे शा पुन्हा जुळवायचा, आणि जुळला तरच मूळ मशीनवरून 30 दिवसांनी काढायची. त्या दुसऱ्या मशीनवर डेटाबेस सांभाळणाऱ्याला फाइल पुसण्याचा अधिकार नको. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातात लॉगची किल्ली दिली तर तो लॉग पुरावा म्हणून टिकत नाही.

जे लोक टार किंवा आरसिंक या फाइलींची नक्कल काढणाऱ्या आज्ञांनी डेटा डिरेक्टरी उचलतात त्यांच्याकडे आणखी एक खोटा बिघाड दिसतो. नक्कल चालू असताना फाइल बदलली की टार 1 हा कोड देऊन संपतो, आणि फाइल मध्येच नाहीशी झाली की आरसिंक 24 देतो. स्क्रिप्ट शून्य नसलेला प्रत्येक कोड अपयश मानते आणि चांगला बॅकअप टाकून देते. लॉग बाहेर नेला की यातलं निम्मं आपोआप थांबतं.

दुसरं मशीन कुठे ठेवायचं, हा सांगलीत साधा प्रश्न नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 फूट असताना. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. सर्व्हर यार्डात आणि बॅकअपचं मशीन गणपती पेठेतल्या तळमजल्यावर, ही मांडणी पुरात दोन्ही गमावण्याची आहे. एक प्रत कुपवाडच्या बाजूला उंचावर, एक पुण्यात किंवा भाड्याच्या क्लाउडवर.

आणि इशारा. लॉगची डिस्क भरली तर पोस्टग्रेस थांबत नाही, नव्या ओळी लिहिता येत नाहीत एवढंच, आणि काम चालू राहतं. म्हणजे डिस्क वेगळी केल्यावर बॅकअप वाचतो, पण ऑडिट गुपचूप बंद पडू शकतं. 70 टक्क्यांवर सूचना, 85 टक्क्यांवर फोन, आणि सोबत ‘गेल्या तासाभरात लॉगमध्ये एक तरी ओळ आली का’ ही तपासणी, निदान कामाच्या वेळेत.

रिस्टोर करून बघा, तिथेच खरं कळतं

बेस बॅकअप नव्या मशीनवर उघडताना सर्व्हर सुरू झाला नाही तर आधी दोन गोष्टी बघा. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीजमध्ये (सुरू होतानाच लोड करायच्या यादीत) पीजीऑडिट आहे पण त्या मशीनवर त्याचं पॅकेज नाही, तर पोस्टग्रेस सुरूच होत नाही. पोस्टग्रेस 16 ला पीजीऑडिट 16 च लागतं. दुसरं म्हणजे /ऑडिट/पीजीलॉग हा मार्ग तिथे नसतो. पूर आलेल्या रात्री हे शोधत बसायला नको, म्हणून पॅकेजची फाइल आणि ही दोन वाक्यं बॅकअपच्या शेजारीच ठेवा.

पीजी_डंपमधून उभं करताना वेगळी अडचण येते. बॅकअप युजरला दिलेली पीजीऑडिटची सेटिंग रोलबरोबर साठवलेली असते, आणि रोल पीजी_डंपमध्ये येत नाहीत. पीजी_डंपऑल --ग्लोबल्स-ओन्ली रोज वेगळं काढा, नाहीतर डेटा परत येतो आणि ऑडिट अर्धवट येतं. ऑल्टर सिस्टिमने केलेले बदल ऑटो.कॉन्फ फाइलमध्ये असतात. ती डेटा डिरेक्टरीत असल्यामुळे बेस बॅकअपबरोबर येते आणि मुख्य कॉन्फिग फाइलवर मात करते. सेटिंग बदलूनही बदलत नसेल तर तिथे बघा.

डंप --इन्सर्ट्स पद्धतीने काढला असेल तर रिस्टोरमध्ये प्रत्येक ओळीची एक इन्सर्ट आज्ञा होते आणि ऑडिट चालू असेल तर प्रत्येक इन्सर्टची एक लॉग ओळ. डेटापेक्षा लॉग मोठा होतो. --इन्सर्ट्स न देता कस्टम फॉरमॅट वापरा, त्यात टेबलामागे एक कॉपी असते. आणि फक्त डेटा आधीच्या रचनेत ओतत असाल, तर ऑडिटचे ट्रिगर चालून आजच्या तारखेच्या खोट्या नोंदी तयार होतात. त्या सेशनपुरतं सेशन_रेप्लिकेशन_रोल = ‘रेप्लिका’ ठेवा, म्हणजे ते ट्रिगर चालणार नाहीत.

सगळं झाल्यावर शो पीजीऑडिट.लॉग आणि शो पीजीऑडिट.रोल बघा, पट्टी टेबलात एक चाचणीची ओळ बदला, आणि ती लॉगमध्ये कारकुनाच्या कोडासह उतरली का ते शोधा. ही तालीम सीझन सुरू होण्याआधी, जानेवारीत एकदा आणि पावसाळ्याआधी, मे महिन्यात एकदा करा.